खोडलेला रंग

परीक्षानळीत तुरीच्या कोवळ्या शेंगेसारखा हिरवा रंग उतरला होता. प्रेरणानं उत्तरपत्रिकेत ‘हिरवा, आरएनए’ असं लिहिलंही होतं. तेवढ्यात हरिओम सर तिच्या टेबलाशी येऊन थांबले.

“निळा लिही,” ते हळूच म्हणाले. “तुह्या सात नंबरच्या बाटलीत डीएनए आहे.”

“पन सर, डीएनएले निळं होनारं औषध तसंच राह्यलं. आरएनएले हिरवं होनारंच रंग देऊन राह्यलं.”

“बाटल्या कोनं भरल्या? तुनं?”

प्रेरणानं ‘हिरवा’वर रेघ मारली. मग ‘आरएनए’वर, आणि शेजारी ‘निळा, डीएनए’ लिहिलं.

तालुक्याच्या त्या कॉलेजात बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला हे असंच चालायचं. बाहेरचे परीक्षक इकडेतिकडे झाले की सरांनी कुठल्या बाटलीत काय आहे याची खिशातली चिठ्ठी पाहायची आणि पोरांच्या कानात उत्तर टाकायचं. कॉलेजची इभ्रत राहते, पोरंही खूश. आज तर निम्म्यांनी नळी गरमसुद्धा केली नव्हती. रोहिणखेडहून पहिल्या एसटीनं आलेली ही एकटीच मुलगी दोन नळ्यांत दोन औषधं घालून, त्या उकळत्या पाण्यात ठेवून, घड्याळाकडे बघत बसली होती.

आठ नंबरच्या पोराला सांगण्याआधी सरांनी चिठ्ठी पुन्हा काढली. सातसमोर आरएनए होतं. मघाशी घाईत त्यांनी खालची ओळ वाचली होती. ते मागे वळले, तर अमरावतीहून आलेल्या परीक्षक बाई प्रेरणाची नळी उजेडात धरून उभ्या होत्या.

“नळीत हिरवा, कागदावर निळा,” बाई म्हणाल्या. “आणि खोडलंस ते नेमकं बरोबर होतं. कुणी सांगितलं तुला?”

प्रेरणानं सरांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

आत्ता सांगावं, असं हरिओम सरांना खरंच वाटलं. तोंड उघडायचाच काय तो अवकाश होता. पण अकरा वर्षांची नोकरी डोळ्यांपुढे आली आणि ते भिंतीवरचा तक्ता वाचू लागले.

“कोनीच नाही मॅडम,” प्रेरणा म्हणाली. “माहीच चूक झाली.”

“चूक नाही, ही चोरी आहे. स्वतःच्या डोळ्यांना दिसतं ते लिहायचं नसेल तर सायन्स घेतलंस कशाला?” बाईंनी पानावर लाल फुली मारली आणि पंधरापैकी शून्य दिले. जाताजाता सरांना म्हणाल्या, “तुमच्या लॅबची शिस्त मात्र चांगली आहे हं.”

सरांचे कान तापले. भर वर्गात कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना झालं. पण त्यांना कुणीच काही म्हणालं नाही.

बाई चहाला गेल्या, पोरं पांगली. प्रेरणा बेसिनपाशी नळ्या धूत होती. सर तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

“माहं नाव काऊन नाही घेतलं?”

तिनं नळ बंद केला. डोळे लाल झाले होते, पण आवाजात राग नव्हता.

“तुमी तिथंच उभे होते ना सर. मले वाटलं, तुमी सांगसान.”