दोन्ही हातांनी फडकं

आसन क्रमांक चौदा, कडेचं.

जेटीवरच्या फलकातल्या मगरीच्या डोळ्यांवर कुणीतरी गॉगल रंगवलेला.

पोट फुगलेली शेळी दात खाते.

आज भरती तीन चाळीसला लागते.

प्रश्न सातवा: तरुण, स्वतःच्या मनाने फिरणाऱ्या प्रवाशांना ही जलसफर आवडेल का? कारण लिहा.

अभिप्रायाच्या फॉर्मवर कारणासाठी दोन ओळी सोडल्या होत्या. निशिगंधाने पेन उघडलं. दासगावच्या जेटीवरून बोट निघून अर्धा तास झाला होता. चाळीस प्रवासी, बहुतेक साठीपुढचे. तिशीच्या आतली ती एकटीच. काल कशेडी घाट मोटरसायकलवरून एकटीने उतरून आलेली.

"मनापासून लिहा हां," सफरीचा व्यवस्थापक हर्षद म्हणाला. "तुमच्यासारख्यांनी लिहिलं की पोरं येतात. नाहीतर हे बघताय ना, सगळा गुडघेदुखीचा गट."

उजव्या काठावर एक बाई उभी होती. पांढरं फडकं दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरलेलं. हर्षदने माइक उचलला तोवर बोटीतून हात हलायला लागलेच होते.

"बघा, गावकरी आपलं स्वागत करतायत! हलवा, सगळ्यांनी हात हलवा!"

रुमाल हलले. टोप्या हलल्या. "किती गोड!" कुणीतरी म्हणालं. बाई मागे पडली. काठाकाठाने पळू लागली. फडकं तसंच डोक्यावर.

"हात नाय हालवत ती," मागून आवाज आला. सुकाणूवरचा सहदेव. समोर पाण्याकडे बघतच बोलला.

निशिगंधा वळली. "मग?"

"होडी बोलावतेय. एका हातानं फडकं हालवलं, तर माणूस यायचाय. दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, तर आजारपण. वीस वरसं हितं होडी हाकली मी. औंदा बंद केली. होडीचा धक्का या सफरवाल्यांना दिला."

"मग थांबा ना!"

"माज्या हातात नाय ते. साहेबांना इचारा."

तिने विचारलं. उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मॅडम, मध्ये थांबा नाही," हर्षद म्हणाला. "सव्वाचारला मगरी आहेत."

"मगरींना वेळ दिलीय? तिकडे कुणीतरी आजारी आहे."

"ॲम्ब्युलन्स असते ना. महाडच्या पुलावरून वळसा घालून येते."

"किती वेळात?"

हर्षदने घड्याळात पाहिलं.

"मग मला उतरवा. इथेच. मी बघते काय ते."

"मध्ये उतरता येत नाही. नियम आहे."

"मी माणूस आहे की पार्सल? दासगावला चढवलं, दासगावलाच उतरवणार, मधलं सगळं काचेतून! आणि वर मलाच विचारता, स्वतःच्या मनाने फिरणाऱ्यांना आवडेल का!"

"अहो ताई," बारा नंबरचे गृहस्थ हसून म्हणाले, "बसल्या जागी सगळं दिसतंय. उतरायचं कशाला?"

"दिसतंय? काय दिसलं तुम्हाला?"

हलवलेली टोपी अजून त्यांच्या हातातच होती.

इंजिन थांबलं.

"काय झालं?" हर्षद मागे धावला.

"बंद पडलं," सहदेव म्हणाला. चावी त्याच्या मुठीत होती.

"चालू करा!"

"भरती लागलीय, साहेब. जाईल आपसूक मागं."

बोट मागे, काठाकडे जाऊ लागली. हळू, आवाज न करता. माइक बंद होता, त्यामुळे चाळीसही जणांना आधी शेळीचं कण्हणं ऐकू आलं. मग बाईचं ओरडणं.

"हात कसले हालवता रे? मी काय नाचून दाखवत होते?" ती गुडघाभर चिखलात उभी होती. खांद्यावर आता शेळी, फडकं कमरेला. "घसा फुटेस्तोवर हाका मारल्या! भयरी हायत काय समदी?"

"दे गो, धोंडूबाय, दे हिकडं." सहदेवने वाकून शेळी घेतली. "कवापासनं फुगलीय?"

"सकाळपासनं. गाभण हाय रे ती. दासगावचा जनावरांचा डाक्टर पाचला निघून जातो."

"जनावर चालणार नाही," हर्षद म्हणाला. "लोकांनी सीट घेतलीय, लोकांनी—"

निशिगंधा चौदा नंबरवरून उठली आणि तिने शेळीला त्या सीटवर घेतलं. शेळीचं पोट ढोलकीसारखं ताणलं होतं. ती दात खात होती.

"सहदेव, उद्यापासून येऊ नका."

"नाय येत." सहदेवने चावी फिरवली. "आज पोचवू द्या."

बोट दासगावकडे वळली. मगरींचं काय, असं पुढून कुणीतरी विचारलं.

शेळीच्या तोंडाला फेस आला. धोंडूबाईने कमरेचं फडकं चाचपलं, ते चिखलाने लडबडलेलं होतं. निशिगंधाने फॉर्म पुढे केला. धोंडूबाईने सातव्या प्रश्नाने फेस पुसला. मग तिने मान वर करून निशिगंधाच्या तोंडाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"तूच ना गो ती?"

निशिगंधाने शेळीचे पाय धरले. ते आवळून धरण्याची काही गरज नव्हती.

काठावरच्या फडक्याला सगळ्यांत आधी हात निशिगंधाने हलवला होता.