साठ टोपडी

शगुफ्ताचं विमान रात्री मुंबईहून सुटणार होतं आणि सकाळी आठ वाजता ती सोमेश्वरनगरच्या ऊसतोड कामगारांच्या तळावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, वाकून शिरत होती. बाहेर धाकटा भाऊ अल्ताफ गाडीत हॉर्नवर हात ठेवून बसला होता. 'पाच मिनिटं' असं ती म्हणाली होती. आपाची पाच मिनिटं त्याला लहानपणापासून ठाऊक होती.

आत प्रतिक्षा बसली होती, विशीची, मांडीवर चार दिवसांची पोरगी. हे बाळंतपण नर्सबाई शगुफ्तानंच केलं होतं. पोर जेमतेम दोन किलोची. घरी सोडताना तिनं लोकरीचं टोपडं हातात देऊन चारदा बजावलं होतं, डोकं झाकून ठेवा, नाहीतर पोर गार पडेल.

डोकं उघडंच होतं. बांधलेलं जुनं फडकं घसरून गळ्यात आलं होतं. शगुफ्तानं पोरीच्या तळपायाला हात लावला. पाय गार होते.

"टोपडं कुठं हाय?"

"ठेवलंय की नीट," प्रतिक्षाची सासू म्हणाली. तिनं कौतुकानं पत्र्याची पेटी उघडली. टोपडं पिशवीत, घडीसुद्धा न मोडता. "बारशाला घालू. त्याआधी नवं अंगाला लावत न्हाईत."

शगुफ्ताला राग आला, तो स्वतःचाच. शेजारच्याच कोऱ्हाळ्यात जन्म गेला तिचा. अल्ताफ झाला तेव्हा छट्टीपर्यंत अम्मीनंही त्याला जुन्यातच गुंडाळलं होतं. एवढी शिकली आणि नेमकं हेच कसं विसरली?

तिनं पोर प्रतिक्षाच्या उघड्या छातीशी लावलं, वरून गोधडी टाकली. मग सासूला विचारलं, "वापरलेलं चालतं न्हवं?"

"वापरलेलं चालतं की."

शगुफ्ता टोपडं घेऊन बाहेर आली आणि तिनं ते गाडीच्या खिडकीतून अल्ताफच्या डोक्यावर दाबून बसवलं. मुठीएवढं ते टोपडं, याचं डोकं कलिंगडाएवढं.

"आपा, डोकं फिरलं का तुझं?"

"गप. मान हलवू नको."

पाणी भरणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सासू दारात येऊन बघत राहिली, मग तिलाही हसू आवरेना.

"झालं का जुनं?" शगुफ्तानं विचारलं.

"झालं की. आण हिकडं."

टोपडं पोरीच्या डोक्यावर चढलं. अर्ध्या तासात पाय कोमट झाले, पोर प्यायला लागली. शगुफ्ता हलली नाही. अल्ताफनं दोनदा हॉर्न दिला.

"निघालीस कुठं एवढ्या घाईत?" सासूनं विचारलं.

"आफ्रिकेत. मलावी म्हणून देश हाय. सहा महिने, बिनपगारी. तितल्या बाळंतिणींसाठी."

"हितल्या सरल्या व्हय?"

शगुफ्तानं पोरीचे पाय पुन्हा चाचपले. तिनं आशाताई वृषालीला फोन लावला. दिवसातून दोनदा ये, पोर प्यायची थांबली तर तडक दवाखान्यात ने, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तरी पाय निघता निघेना.

नीरा मागं पडलं तरी ती मागच्या सीटवर चुळबुळ करत होती. वृषालीला दोनदा फोन झाला. मांडीवरच्या पिशवीत साठ टोपडी होती, बारामतीच्या बायकांनी तिकडच्या बाळांसाठी विणलेली. तिकडच्या आया पेट्यांत काय काय ठेवून देतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पिशवीची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

जेजुरीच्या अलीकडं तिनं एक टोपडं काढून मुठीवर चढवलं, जरा वेळ ठेवून बाजूला टाकलं. मग दुसरं. मग तिसरं.

"हे काय चाललंय आता?" अल्ताफनं आरशातून विचारलं.

"जुनी करतीय."

सासवडच्या चौकात गाडी थांबली, तेव्हा अल्ताफनं मान मागं टाकली.

"घाल."