गुवाहाटीची फेरी

वैजयंती खोत सांगलीत खुर्चीवर डोळे मिटून बसली आणि गुवाहाटीत नेहमीच्या भाड्याच्या देहात जागी झाली. धंद्यासाठी हल्ली सगळे असेच फिरत.

“पंपांची ऑर्डर काल तुम्हालाच दिली की,” तिचे जुने गिऱ्हाईक बरुआसाहेब गोंधळले. “तुम्हीच पंपाला हात लावून नमस्कार केलात, मग बटण दाबलंत.”

वैजयंती काय ते समजली. काल हाच देह दुसऱ्या कंपनीच्या विक्रेत्याने घेतला होता, आणि पंपाला नमस्कार करायची तिची सवय या हातांत मुरलेली होती.

तिने कोपऱ्यात चालू असलेल्या त्या विक्रेत्याच्या नमुन्याच्या पंपाला कान लावला. “बेअरिंग खरखरतंय. फार दिवस टिकणार नाही.”

“काल बोलला नाहीत ते?”

“काल मी नव्हतेच. कान भाड्याने मिळतात, साहेब. ऐकायला मात्र मलाच यावं लागतं.”