वाढवलेला होल्डर

वैभवने आणखी एक होल्डर उचलून दारातल्या उन्हासमोर धरला, झाकणाची पट्टी वर ओढली आणि आत डोळा लावला. कोपऱ्यातून सुईच्या टोकाएवढा उजेड आला. म्हणजे हाही कामातून गेलेला. मोठ्या कॅमेऱ्याची फिल्म या चपट्या लाकडी डबीत अंधारात बसते. उजेडाचा कण जरी आत शिरला तरी फोटोचं वाटोळं होतं. त्याने तो वाळवी लागलेल्यांच्या ढिगात ठेवला.

हौसेला मोल नसतं म्हणतात. पांढुर्ण्याच्या या पठ्ठ्याच्या हौसेला डोकंही नव्हतं. भंगारातून भलामोठा जुना कॅमेरा उचलून आणला आणि होल्डर नाहीत हे घरी आल्यावर ध्यानात आलं. चूल आणली, तवा नाही. शोधता शोधता सौंसरच्या रामाजी फोटोवाल्यांचं घर सापडलं. रामाजी गेल्या वर्षीच वारले होते. त्यांच्या बायकोने, वच्छलाकाकूंनी, त्याच्यापुढे अख्खी पेटी ओढून दिली आणि स्वतः सुपात सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसल्या.

"तुले फिल्म धुता येते म्हन्तेत," काकू म्हणाल्या.

"येते ना काकू. घरीच धुतो."

"यायनं माहा एक फोटो काढला होता. जलमभर साऱ्या गावाचे नवरदेव अन् नवऱ्या काढल्या, मी कधी समोर बसली नाई. दवाखान्यात जाच्या आदल्या दिवशी म्हने, बस. मंग बसली. अन् ते काही वापस आले नाई." त्यांनी सांबाराची काडी मोडली. "इथं आता कोनाले धुता येत नाई. मले त्या पेटीचं काही नको, तुले लागते ते घेऊन जा. तेवढा फोटो धून देशील?"

"देईन ना. हे काय सांगनं झालं? कोठी हाय फिल्म?"

"देतो. आंधी च्या मांडतो. तू तवर पाहून घे. तळाशी कपड्यात एक वाढवेल हाय, तेवढा राहू दे."

काकू आत गेल्या. वैभवच्या हाती तीन चांगले होल्डर लागले होते आणि चौथ्यासाठी जीव घुटमळत होता. त्याने तळाशी हात घातला. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तो होल्डर वर आला.

आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. वैभवच्या घरीही तसंच बोलत. तेव्हा काकूंसारखं जुनं माणूस नवऱ्याच्या वस्तूला तुटली तरी कसं म्हणेल? तुटलाच असेल तर सरस लावून सांधता येईल, असा त्याने हिशेब केला. पण कोपरे सरळ होते, खाचेतली मखमल काळीभोर होती. तुटलंय कुठे तेच कळेना. म्हणून त्याने तो उन्हासमोर धरला आणि पट्टी ओढली.

आत फिल्म होती. फिकट, कोरी दिसणारी, पूर्ण उन्हात.

त्याने पट्टी खाडकन खाली दाबली. उपयोग नव्हता, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? धुण्याआधी फिल्मवर काही दिसत नाही, आणि ऊन लागल्यावर धुण्याजोगं काही उरत नाही. आपला तो हावरा हात कोपरापासून तोडून टाकावा असं त्याला वाटलं.

काकू चहा घेऊन आल्या. त्याच्या मांडीवरचा होल्डर बघून त्यांचा चेहरा खुलला.

"सापडला का? यातच हाय माहा फोटो."

"तुम्ही तर वाढवेल म्हटलं ना, काकू."

"फोटो काढून पट्टी लावली का हे तसंच म्हनत. दुकान वाढवतेत ना, तसं. झालं, संपलं, असं म्हनू देत नोते घरात."

त्याला खोटं बोलता आलं असतं. घरी जाऊन चार दिवसांनी फोन करायचा, जुनी फिल्म होती, काही आलं नाही. काकूंनी विश्वासही ठेवला असता. ते वाक्य ओठापर्यंत आलं आणि त्याची त्यालाच शिसारी आली.

"काकू, मी उघडला. उन्हात. मले वाटलं तुटेल हाय." त्याला मान वर करवेना. "फोटो गेला तुमचा."

काकूंनी कप खाली ठेवले. होल्डर त्याच्या मांडीवरून उचलून घेतला आणि पदराने पुसत राहिल्या.

"तू उघडला तवा," त्यांनी विचारलं, "दिसली का रे मी?"

आता नाही म्हणायची हिंमत वैभवमध्ये उरली नव्हती.

"दिसल्या ना, काकू."

"कशी होती?"

"मस्त होत्या. डोक्यावर पदर, अन् हासून राहिल्या होत्या."

काकूंनी मान हलवली. होल्डर पुन्हा त्या लुगड्याच्या तुकड्यात ठेवला, चारही बाजू नीट दुमडल्या आणि कप त्याच्यापुढे सरकवला.

"पदर नोता बाबू," त्या म्हणाल्या. "यायनंच खाली घ्याले लावला होता. म्हने, एक डाव तुहे केस येऊ दे फोटोत."