हिरवी मोहरी

वावरात एकही जांभळं पान दिसेना, तशा मंजुळाताई धावतच तपासनीस नाझनीनला बोलवायला गेल्या. बॅटऱ्या वितळवणारा शेजारचा कारखाना बंद पडल्यापासून अकरा वर्षं ताई प्रयोगशाळेत तयार केलेली, शिसं शोषणारी मोहरी पेरत होत्या. मातीत शिसं असेपर्यंत तिची पानं जांभळी पडत आणि सगळं पीक उपटून भट्टीत द्यावं लागे. आज मात्र वावर हिरवंगार होतं.

नाझनीनने वाफ्यावाफ्यात मीटर रोवून पाहिला.

"शिसं गेलं, ताई. आता ही भाजी खाऊ शकता."

ताईंनी तिथंच एक पान खुडून तोंडात घातलं.

"अहो, धुऊन तरी घ्या. माती लागलीय."

"असू दे गं," ताई चावता चावता हसल्या, "आता ती नुसती मातीच आहे."