चेहऱ्याभोवतीचा चौकोन

वाळूजची रात्रपाळी करून आलेल्या सम्यकला चंपाबाईनं चपलाही काढू दिल्या नाहीत. जुना डिजिटल कॅमेरा त्याच्या हातात कोंबत ती म्हणाली, "चेहऱ्याभवती चौकोन यायचा, त्यो कुठं गेला?"

"मीच बंद केला, आई. फोटोत येत नाय त्यो, नुसता स्क्रीनवर दिसतो."

"चालू कर."

"लई डोकं खातीस गं! सदान्‌कदा त्याच भिंतीपुढं पोरं उभी करतीस, वर चौकोन कशाला पायजे?"

चरफडत त्यानं सेटिंग चालू केलं. चंपाबाईनं कॅमेरा भिंतीकडं धरला. पोरं अजून झोपलेली होती, तरी चौकोन उमटला. हार घातलेल्या तसबिरीवर.

"बघ," ती म्हणाली, "घरात ह्यो एकटाच तुझ्या बाबांना अजून माणसांत धरतो."