जिन्याखालची सही

"सही मी करणार नाही," मावशी म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

जिन्याखालच्या त्या खोलीत एक शिलाई मशीन, एक खाट आणि मावशी, एवढंच जेमतेम मावायचं. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर दारातच अवघडून उभे होते आणि तिसऱ्या मजल्यावरचे वकील त्यांच्या खांद्यावरून बोलत होते. इमारत रहिवाशांच्या नावावर करायच्या कागदावर अख्ख्या इमारतीने सह्या केल्या होत्या. घोडं अडलं होतं ते एकट्या मावशीपाशी.

डॉक्टरांनी आधी गोडीगुलाबीने घेतलं. छत गळतंय, कठडा हलतोय, तुमच्या एकटीच्या हट्टापायी सगळं खोळंबलंय, असं म्हणाले. मावशी त्यांचीच पँट उसवत होती. डॉक्टरांचं पोट सुटलं होतं, आणि कंबर सैल करून घ्यायला इमारतीतले सगळे तिच्याकडेच यायचे.

मग वकिलांनी कायदा काढला. नवा कायदा आमच्या बाजूचा आहे, कोर्टात तुमची डाळ शिजणार नाही, असं त्यांनी बजावलं.

"कायदा पास झालाय. लागू कुठे झालाय?" मावशी म्हणाली.

मावशीला संताप आला होता, पण टाका वाकडा पडत नव्हता.

खाटेवर बसलेली भाची मात्र पुढे सरकली. करून टाक सही, या वयात कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवतेस, असं ती विनवू लागली. डोक्यावरचं हे एवढं छप्परही जाईल, हीच तिला धास्ती होती.

"खोलीची काळजी सोडा," डॉक्टर म्हणाले. "मावशी, तुम्ही मरेपर्यंत इथेच राहा. आम्ही काही माणुसकी सोडलेली नाही."

मावशीने पँटची घडी घालून ती त्यांच्या हातात दिली. शिलाई मागितली नाही.

"तुम्ही कोण मला राहू देणार? माझ्या आजोबांनी ठरवलेल्या तुमच्या भाड्यात आज दोऱ्याचं रीळ येत नाही, म्हणून मी तुमच्या पँटी शिवते. पाच वर्षांनी तुमचा सगळ्यांचा भाडेपट्टा संपतोय, डॉक्टर. मग वरचे चारही मजले माझे. तुम्हाला ठेवायचं की काढायचं, ते मी बघेन."